काकांच्या दारातलं कोडं

गोखिवऱ्याच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक काका राहायचे. मुंबईच्या एका छापखान्यात त्यांनी जन्मभर खिळे जुळवले होते. शिशाची उलटी अक्षरं वेचून वेचून डोळे गेले, असं ते सांगायचे. डॉक्टर काचबिंदू म्हणायचे. काकू आधीच गेल्या होत्या. एकुलती मुलगी जूचंद्रला दिलेली, आणि बाबांनी आपल्याकडेच राहायला यावं म्हणून तिचा सारखा लकडा.

काकांचं तिला एकच उत्तर असायचं. "डोळे गेलेत, डोकं नाही. रविवारचं कोडं सुटतंय तोवर मी माझ्या घरात राहणार. ज्या दिवशी सुटणार नाही त्या दिवशी मीच निरोप धाडीन, ये म्हणून."

ते कोडं त्यांना वाचून दाखवणारा मी. सातिवलीच्या एका गोदामात स्टोअरकीपर होतो, तिशी उलटलेली, फार कुणाशी बोलणं नाही. रविवारी सकाळी पेपर घेऊन खाली उतरायचो. काकांनी आतली कडी माझ्यासाठी आधीच काढून ठेवलेली असायची. बातम्या मथळ्यांपुरत्या, मग गूढ शब्दकोडं. चौकटी ते डोक्यात मांडायचे. "तीन आडवं, त्याचं दुसरं अक्षर सहा उभ्यात," असं म्हणत बोटं मांडीवर हलत राहायची, जणू खिळे लावताहेत.

हे साधं शब्दकोडं नव्हे. इथे प्रत्येक सूचनेत उत्तराचा सरळ अर्थ असतो आणि उत्तर कसं तयार होतं त्याची युक्तीही असते. मला पहिल्यांदा कळलं ते असं: 'मका उलटा केला की हाताला मिळतं, दोन अक्षरं.' मी शेतात शिरलो होतो. काका म्हणाले, "अरे, अक्षरं उलट. म, का. का, म. काम." उलटं वाचण्यात त्यांचा हात कोण धरणार? दुसरी जात लपवाछपवीची. 'नाक मळकट असलं तरी आत फूल, तीन अक्षरं.' नाकातला क, पुढच्या शब्दातला मळ. दोन शब्दांच्या सांध्यात कमळ.

काकांचा नियम कडक होता. नुसतं उत्तर धरायचं नाही. "उत्तर रस्त्यावरचा माणूसही ठोकून देईल. फोड सांग." फोड म्हणजे उत्तर असंच का, याचा अक्षरागणिक हिशेब. फोड लागली नाही तर कोड्यातलं ते घर कोरं धरायचं, भले उत्तर बरोबर असो. असं कोरं राहिलेलं पुढच्या रविवारी पेपरातल्या उत्तरांशी ताडून बघायचं.

मग एका रविवारी पान उलटलं तर कोड्याच्या जागी नालासोपाऱ्यातल्या फ्लॅटची जाहिरात. कोपऱ्यात दोन ओळी, सदर बंद होत आहे. मी काकांसमोर बसलो होतो. ते वाट बघत होते.

"काय रे, आज सोपं आहे का?"

मी म्हणालो, "आज छपाई पुसट आहे काका, संध्याकाळी दुसऱ्या अंकावरून वाचतो." आणि दिवसभर घरी बसून आयुष्यातलं पहिलं कोडं रचलं. अकरा शब्दांचं. संध्याकाळी सांगितलं, पेपरवाल्यांनी जागा कमी केलीय.

त्यानंतर वर्षभराहून जास्त मी दर आठवड्याला कोडं रचत होतो. गोदामात माल उतरत असताना चलनांच्या पाठकोऱ्या कागदांवर शब्द तोडायचो, जोडायचो. कुठला शब्द कुठल्या शब्दाच्या पोटात मावेल याचा नादच लागला. हमाल हाक मारायचे, "साहेब, कुठे हरवले?" पाटीवरचा 'रवा' दिसला की मनात 'वार' व्हायचा.

आणि काकांना बदल कळला, तिसऱ्या का चौथ्याच आठवड्यात.

"कोडं घालणारा बदलला."

"कशावरून?"

"आधीचा हुशार होता, पण माणूसघाणा. हा घरातला आहे. याच्या कोड्यात भाजी असते, भांडी असतात, शेजारी असतात. कोण असेल रे हा?"

"नाव नसतं छापत."

"बायको असेल का याला? मला वाटतं नसावी. असती तर इतका वेळ मिळाला नसता."

मला बायको नव्हती. त्या रात्री जेवलो की नाही आठवत नाही. पुढच्या रविवारची मी नोकरीला लागल्यावर पहिल्या पगाराची बघितली तशी वाट बघितली.

आता चूक सांगतो. एक सूचना मी काकांवरूनच रचली होती: 'काका कडी लावून बसले, आत भाजी, तीन अक्षरं.' काकाच्या शेवटच्या 'का'ला पुढची 'कडी' जोडली की काकडी. पण शनिवारी कागद सुवाच्य उतरवताना मी लिहून गेलो 'काका दार लावून बसले'. माणसं तसंच म्हणतात, म्हणून हाताला तेच आलं. रविवारी तेच वाचलं. दोनदा वाचलं, काकांनी सांगितलं म्हणून तिसऱ्यांदाही.

"काकडी असणार," ते म्हणाले. "शेवटचा डी उभ्या 'होडी'तून उतरलाय. पण काका दार लावून बसलेत, मग आत डी शिरला कुठून?"

मीही विचार केल्यासारखं केलं. खरोखरच माझ्या ध्यानात आलं नव्हतं. कोरं ठेवलं.

सोमवारी गोदामात कच्चा कागद खिशातून निघाला आणि कडी दिसली. त्याच दिवशी येऊन सांगता आलं असतं. 'वाचताना चुकलो' एवढंच. आठवडाभर जिना उतरताना त्यांच्या दारावरून गेलो. सांगितलं नाही. म्हटलं, रविवारी सांगू, सदर छापलेलं आहे असंच भासवत.

रविवारी आत गेलो तर मुलगी आलेली. तिने आपला पेपर आणला होता आणि तो पसरून पलंगावर बसली होती. तोच पेपर, ज्यात कोडं नव्हतं.

"बाबा आठवडाभर फोनवर काकडी काकडी करताहेत," ती म्हणाली. "काल आले तेव्हा कोशिंबीर केली तर ताटात तशीच ठेवली, म्हणे फोड लागल्याशिवाय खाणार नाही."

काका हसले नाहीत. "आलं का उत्तर? काय दिलीय फोड?"

'चुकीचं वाचलं' म्हणालो असतो तर ती म्हणाली असती, बघू. आणि पान उलटलं असतं. मी हातातला कागद वर्तमानपत्राच्या घडीत सरकवला आणि म्हणालो, "दार म्हणजे इंग्रजीत डोअर. त्याचं पहिलं अक्षर डी. असं दिलंय."

काकांची मांडीवरची बोटं थांबली होती.

"या सदरात इंग्रजी कधी नव्हतं."

"आता घेतात बहुतेक."

"घेत असतील. जग घेतं, मला कुठून सुचणार," ते म्हणाले. मग मुलीकडे तोंड वळवून, अगदी साध्या आवाजात, "तुझ्याकडे माझी खोली कुठल्या बाजूला आहे म्हणालीस?"

दोन महिन्यांनी टेम्पो आला. काकांची ट्रंक आणि काकूंचं देवघर मी खाली उतरवलं. काका म्हणाले, "तुझे उपकार आहेत." घर विकलं गेलं. नव्या माणसांनी दरवाजाही बदलला.

जूचंद्रला मी गेलो तो आठ महिन्यांनी. काका ओट्यावर बसले होते, समोर मिठागराकडे जाणारी वाट. मुलगी आत तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं, सदर बंद झाल्यापासून. खाली बघून सांगत होतो, समोरच्याला दिसत नाही हे माहीत असून.

रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "मूळ वाक्य काय होतं?"

"काका कडी लावून बसले, आत भाजी."

मांडीवर बोटं हलली. "का... कडी. काकडी." थोडं थांबून म्हणाले, "चांगली आहे की रे. स्वच्छ आहे." मग म्हणाले, "म्हणजे मी बरोबर होतो. डी आत येत नव्हताच."

आतून तांदळाचा आवाज थांबला होता. मुलगी उंबऱ्यात आली. "त्या दिवशी पेपर माझ्या हातात होता," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून बोललात. आणि मी गेले आठ महिने यांना सांगतेय, या वयात असं होतंच, मनाला लावून घेऊ नका."

"तू नंतर बोल त्याला," काका म्हणाले. "आधी मला विचारू दे. का केलंस?"

"तुमच्यासाठी. कोडं बंद झालं असतं तर तुम्ही..."

"हे उत्तर झालं," काका म्हणाले. "फोड सांग."

चहा आला, तो प्यालो आणि निघालो. नंतर पाच-सहा वेळा गेलो, काका जाईपर्यंत. ते दर वेळी मोकळेपणाने बोलले, नव्या युक्त्या विचारल्या. माझ्या जुन्या कोड्यांतलं एक त्यांना शब्दन् शब्द पाठ होतं. पण फोड पुन्हा मागितली नाही. ते घर कोरंच राहिलं.

आता भरतो. पहिल्या रविवारी मी कोडं त्यांच्यासाठी रचलं, हे खरं. दुसऱ्या महिन्यापासून 'कोण असेल रे हा' हे ऐकण्यासाठी रचत होतो. तेवढ्या एकाच माणसाची उत्सुकता माझ्या वाट्याला आली होती. त्या रविवारी मुलीच्या हातात पेपर बघितला तेव्हा मला त्यांच्या घराची आठवण झाली नाही. कोडं घालणारा तो माणूस आता मरणार, एवढंच डोक्यात आलं. त्याला वाचवायला मी डोअर म्हणालो.