तोंड उघड

सरांनी बोटानं खूण केली. ये. मग खुर्चीकडं बोट. बस.

मी बसले. मला वाटलं, काहीतरी शिकवणार. लातूरच्या त्या कॉलेजात दातांची निगा राखायच्या डिप्लोमाला मी नुकतीच लागले होते. सगळी बॅच खुर्चीभोवती गोळा झाली. सगळ्यांच्या तोंडावर हिरवे मास्क. एकाचेही ओठ दिसेनात. ओठ दिसले नाहीत की समोरचा माणूस माझ्यासाठी बंद दार.

मी बहिरी आहे. लहानपणी ऐकू येत होतं. शाळेत घातलं त्या वर्षी मोठा ताप आला. ताप उतरला, कान गेले. बोलता येतं. पण माझा आवाज कसा येतो ते मला ठाऊक नाही. बरा येत नसावा. लोकांची तोंडं बघून कळतं.

सरांनी माझी हनुवटी धरली. अंगठ्यानं खालचा ओठ ओढला. लोहा गावच्या बैलबाजारात व्यापारी बैलाचे दात बघायला ओढतो तसा. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यानं माझ्या दातांवर तपकिरी डाग पडलेत, पहिल्यापासूनच. त्या डागांवर आरशाचं टोक आपटत सर काहीबाही सांगत होते. मग एकेकाला पुढं बोलावलं. हिच्या दातांवरचं किटण काढून बघा, असं म्हणाले असावेत. सगळे नवशिके. कुणाचं तरी हत्यार हिरडीत घुसलं. रक्त आलं. रक्त, थुंकी, पाणी, सगळं घशात. मी हात वर केला, थांबा म्हणून. सरांनी तो हात धरला आणि खुर्चीच्या दांडीवर परत ठेवून दिला. वस्तू जागेवर ठेवतात तसा. आणि काहीतरी बोलले.

सगळ्यांचे खांदे हलले. मास्कच्या वरचे डोळे बारीक झाले. हसत होते. मी तोंड उघडं टाकून त्या डोळ्यांकडं बघत पडले होते.

माझ्या खोलीत नसरीन राहायची. उदगीरची. तिच्या अब्बांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान. बॅचमध्ये माझ्याकडं तोंड करून, सावकाश बोलणारी ती एकटी. संध्याकाळी तिला विचारलं, सर काय म्हणाले? ती ओढणीची घडी घालत बसली. जाने दे, म्हणाली. मी तिच्या हातातली ओढणी काढून घेतली. मग तिनं सांगितलं.

"सर म्हणले, घाबरू नका, ही वरडणार न्हाई. तसाबी हिच्या तोंडाचा दुसरा काय उपयोग हाय? आपल्या शिकायला तरी येऊ द्या."

"तू हसलीस?"

तिनं मान खाली घातली. ओठ दिसेनात. मग वर बघून म्हणाली, "हाव. सगळे हसले म्हणून."

मी मोरीत जाऊन थुंकले. रक्त कधीच थांबलं होतं. तरी थुंकत राहिले. रबरी हातमोज्यांची चव जाईना. किती लोकांची बोटं होती ती. भाकरी तोंडाजवळ नेली आणि परत ताटात ठेवली.

या कोर्सला यायला मी लई भांडले होते. नांदेडच्या बहिऱ्यांच्या शाळेत बारावी केली. पुढं काय, विचारलं तर तिथं मुलींसाठी शिवण, मुलांसाठी छपाई, आणि दोघांसाठी कॉम्प्युटरवर टायपिंग. तिथल्या बाई म्हणाल्या, बहिऱ्यांना हातकामच बरं. मी म्हणाले, दातांचं काम काय पायानं करतात? बाईंना ते उद्धट वाटलं. दिव्यांगांच्या कोट्यातून जागा मिळाली तेव्हा बाबांनी मुदखेडच्या रेल्वे क्वार्टरात घरोघर पेढे वाटले. बाबा रुळांवर काम करतात. आमची पोरगी दाताची डॉक्टर होणार, म्हणून सांगत सुटले. डॉक्टर न्हाई, मी म्हणत होते. त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

कॉलेजनं गेटवर फ्लेक्स लावला. त्यावर माझा फोटो. खाली मोठ्या अक्षरांत, दिव्यांगांना संधी. गेटवर मी हसत होते. आत खुर्चीत पडत होते.

कारण ते एकदाच झालं नाही. नवीन काही दाखवायचं असलं की बोट माझ्याकडं. बाकीच्यांनी एकमेकांच्या तोंडात हात घालायचे, तेही विचारून. मला कुणी विचारायचं नाही. मी एकदा सरांना गाठून म्हणाले, शिकवताना तरी मास्क खाली घ्या, मला समजत न्हाई. सरांनी तेवढ्यापुरता मास्क खाली केला. "तुझ्या एकटीसाठी सगळी बॅच थांबवू का?" म्हणाले. आणि मास्क वर.

मी जात राहिले. जागा जाईल याची भीती. बाबांची भीती. याहून घाण गोष्ट ही, की मला सवय व्हायला लागली. बोट दिसलं की तोंड आपोआप उघडायचं. कुत्र्यागत.

मग संस्थेचे पाहुणे आले. गळ्यात हार, हातात नारळ. त्यांना क्लिनिक दाखवत सर माझ्यापाशी थांबले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. काहीतरी सांगितलं. पाहुण्यांच्या चेहऱ्यावर ती पातळ दया पसरली, जी मला ओकारीसारखी वाटते. एका बाईंनी मोबाईल वर धरला. सरांनी खुर्चीकडं बोट केलं. मी बसले. गळ्याला कापड अडकवलं. सरांनी बोटानं स्वतःच्या मास्कवर टकटक केलं. तोंड उघड.

मी उघडलं.

"न्हाई बसणार."

त्यांना कळलंच नाही. माझा आवाज कॉलेजात कुणी फारसा ऐकला नव्हता. मी पुन्हा म्हणाले. मग मोठ्यानं, "माझं तोंड हाय. मला इचारल्याबिगर कुणी हात घालायचा न्हाई."

गळ्याचं कापड ओढून काढलं. उठले. हार घातलेल्या एका माणसानं तोंड वाकडं केलं, नासलेलं काही समोर आल्यागत. ते मी नीट बघितलं. माझ्या आवाजानं तसं झालं. मी खाली बघितलं नाही.

कॉलेजनं बाबांना बोलावून घेतलं. ते ड्युटीच्याच कपड्यांवर आले. प्राचार्यांच्या खोलीत बसा म्हटलं तरी बसेनात. तिथं सर मास्कशिवाय होते. त्यांचे दात मी पहिल्यांदा बघितले. पांढरे, सरळ, निर्मळ. प्राचार्य म्हणाले, पाहुण्यांसमोर कॉलेजची अब्रू गेली, मुलीनं लेखी माफी मागावी. बाबांनी हात जोडले.

"साहेब, लेकराला कळत न्हाई. बहिरी हाय."

दुसऱ्या कुणाचे ओठ मला चुकतील. बाबांचे चुकत नाहीत. ओठ वाचायला मी त्यांच्याच तोंडावर शिकले. खुर्चीतल्या सगळ्या हत्यारांनी झालं नाही ते त्या वाक्यानं झालं.

मी त्यांचे जोडलेले हात धरले आणि सोडवले. म्हणाले, "बाबा, मला कळतंय. तुमीच ऐका आता." आणि सगळं सांगितलं. हिरडी, रक्त, वर केलेला हात. सरांचं वाक्य जसंच्या तसं. बाबा भिंतीकडं बघत राहिले.

प्राचार्यांनी नसरीनला बोलावलं. सर असं काही म्हणाले होते का? तिनं माझ्याकडं बघितलं नाही. पण तिचं तोंड मला दिसत होतं.

"मला काही आठवत न्हाई, सर."

तिलाही पास व्हायचं होतं. मला कळतं ते. आणि तिच्या त्या तोंडाची किळस आली तीही खरी.

आता सर एकदम मवाळ झाले. बेटा, म्हणाले. तू मला मुलीसारखी. आणि माझ्या गालाला हात लावायला पुढं झाले. मी मागं सरले.

"हात खाली. परत माझ्या तोंडात हात घातला तर चावीन."



स्टेशनवर बाबा माझ्याकडं पाठ करून उभे राहिले. मग माझ्यासमोर येऊन, सावकाश म्हणाले, घरी चल. मी न्हाई म्हणाले. गाडी आली. ते एकटे गेले. खिडकीतून हात केला नाही.

मी अजून त्याच कॉलेजात आहे. नसरीननं खोली बदलून घेतली. वर्गात माझ्या शेजारची जागा रिकामी असते. मी सरांविरुद्ध दिव्यांग आयुक्तांच्या ऑफिसला तक्रार दिलीय. मागं घे, पोरीच्या जातीला बरं दिसत नाही, म्हणून रोज कुणीतरी येऊन सांगतं. पेशंटच्या तोंडाला हात लावण्याआधी मी त्याला विचारते, तेव्हा सर हसतात. प्रॅक्टिकलचे मार्क त्यांच्या हातात आहेत. नापास करतील. करू देत. पुन्हा परीक्षेला बसेन. पुन्हा केलं तर पुन्हा. ही जागा मी सोडणार नाही, आणि माफी मागणार नाही.