कोरडे केस

त्या सकाळी डोक्याला तेल लावण्यावरून आईचं आणि माझं कडाक्याचं भांडण झालं. करडईच्या तेलाचा वास मला मुळीच सोसत नसे. "साळंत साहेब येनार, अन् तू अशा झिपऱ्या घिऊन जातीस व्हय?" आई ओरडली. मी कोरड्या केसांची कशीबशी वेणी घातली आणि पळाले.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. चाकणजवळच्या आमच्या गावात आठवीचा वर्ग नुकताच निघाला होता आणि त्यात मी एकटीच मुलगी. विज्ञान नीट शिकवलं जातंय हे तपासायला खात्याचे साहेब येणार होते. त्यांना पटलं तरच वर्ग टिकणार होता. मुलांचं ठीक होतं, ती तळेगावला गेली असती. मला वेशीबाहेर कोण पाठवणार? वर्ग मोडला की लग्न, हे माझ्या वडिलांनी, आबांनी, सांगूनच ठेवलं होतं.

आबा आणि गावचे पंच खिडकीशी बाकावर बसले होते. गुरुजींनी टेबलावर कागदाचे बारीक कपटे पसरले, एका मुलाच्या केसांतून काळा कंगवा भराभर फिरवला आणि कपट्यांवर धरला. एकही कपटा हलला नाही. मग दुसरा मुलगा, तिसरा. तेच. गुरुजींना घाम फुटला. मागच्या आठवड्यात याच कंगव्याने कपटे टणाटण उडाले होते. पण आज साहेबांच्या मानासाठी घरोघरच्या आयांनी पोरांची डोकी तेलाने निथळवली होती, आणि तेलकट केसांत वीज कुठली! गुरुजींनीही चापून तेल लावलं होतं. उरले साहेब, तर त्यांना टक्कल!

"घर्षणाने वीज निर्माण होते म्हणालात ना?" साहेब घड्याळ बघत म्हणाले.

मी उभी राहिले. "गुरुजी, माझं केस कोरडं हायती."

बोलले खरी, आणि मग लक्षात आलं. आता वेणी सोडावी लागणार होती. परक्या पुरुषांसमोर, पंचांसमोर, बापासमोर. आमच्यात वयात आलेली मुलगी केस मोकळे सोडून उंबऱ्यातसुद्धा उभी राहत नसे. एक पंच मोठ्याने खाकरले. मी आबांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. हो नाही की ना नाही. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्या रागातच मी फीत ओढली.

गुरुजींनी पुसून दिलेला कंगवा मी फिरवला तसे केस तडतडले. गुरुजींनी तो कपट्यांवर धरला, आणि कपटे टपाटप उडून त्याला चिकटले. साहेब पहिल्यांदाच हसले. आठवी टिकली.

घरी जाताना आबा पुढे, मी मागे. वर्ग राहिला, पण मी त्यात राहणार का, हे त्यांच्या पाठीवरून कळत नव्हतं. आई दारातच तेलाची वाटी घेऊन उभी होती. आबांनी ती तिच्या हातातून घेतली आणि वर फळीवर ठेवली.

"मॅट्रिक होस्तवर," ते म्हणाले, "हिच्या डोक्याला त्याल लावू नगंस."