बाटलीवाल्याची जीभ

देवमन खंडारे पाणी प्यायच्या आधी गप्प होतात. घोट तोंडात घेतात, डोळे मिटतात, तो जिभेवरून हळूहळू मागे नेतात आणि मग सांगतात, "गोड हाय, भरा." नाहीतर, "याले हात लावू नका." आम्ही पाच-सहा जण अमरावतीहून रविवारी जाड टायरच्या गिअरवाल्या सायकली घेऊन पूर्णेच्या खोऱ्यात उतरतो. आमचा सबंध दिवस या दोन वाक्यांपैकी कोणतं येतं यावर असतो.

भातकुलीच्या पुढे पश्चिमेला गेलं की जमीन काळी आणि सपाट होते, आणि तिच्या पोटात मीठ आहे. खारपाणपट्टा म्हणतात त्याला. विहीर खणली की पाणी लागतं, पण बहुतेक वेळा ते पिण्याचं नसतं. एका विहिरीचं खारं असतं, वीस पावलांवरच्या दुसरीचं गोड, आणि तिसरी दिवाळीपर्यंत गोड राहून होळीला खारट होते. आता धरणाच्या पाण्याचे नळ गावोगावी आले आहेत, पण नळाचे दिवस ठरलेले असतात आणि आम्ही नेमके दुसऱ्याच दिवशी पोचतो.

या मुलखात देवमनकाकांनी एकतीस वर्षं पाण्याचे नमुने गोळा केले. काळी चोवीस इंची सायकल, कॅरिअरला बांधलेली थर्माकोलची पेटी, तिच्यात बाटल्या आणि खिशात सुतळीचा गुंडा. विहिरीवर उभं राहून बाटली खाली सोडायची, भरली की ओढायची, चिठ्ठी चिकटवायची आणि पुढच्या गावाला निघायचं. नमुना प्रयोगशाळेत जायचा आणि तिथला कागद गावात यायला बरेच दिवस लागायचे. तेवढा दम बायांना नसायचा. "काय निंगालं गा, बाटलीवाल्या?" असं त्या तिथंच विचारत. मग काका उरलेल्या पाण्यातला एक घोट स्वतः घेत आणि सांगत. मागून आलेला कागद क्वचितच वेगळं काही म्हणायचा. त्यामुळे गावं कागदासाठी थांबेनाशी झाली.

एकदा कौंडण्यपूरकडे जाताना बाभळीखाली बसलो असता ते आपणहून बोलले होते. लहानपणी त्यांची आई, मनकर्णाबाई, गावच्या विहिरीपासून दहा हात लांब घागर ठेवून बसायची. कुणी ओतलं तर भरायची. "अन मी त्याच गावात सरकारी बाटली घेऊन गेलो," काका म्हणाले. "थेट काठावर उभा. पाटील मंते, देवमनराव, जरा जपून, पाय घसरन. म्या मनात मनलं, पाय कायचा घसरते आता." ते हसले. मग सायकलच्या सीटवर थाप मारून म्हणाले, "या दोन चाकानं मले तालुक्यातल्या साऱ्या विहिरी देल्ल्या."

निवृत्त झाल्यावर त्यांच्या मुलीनं, ज्योत्स्नानं, त्यांना एकवीस गिअरची सायकल घेऊन दिली. ती अकोल्याला शिक्षिका आहे. काका सायकलीभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "एवढ्या गिअरचं मी काय करू वं? माह्या जिनगानीत दोनच गिअर होते. चढ अन उतार." महिनाभरात ते आमच्यातल्या सगळ्यांपेक्षा सफाईनं गिअर टाकू लागले.

आमची भेट तीन वर्षांपूर्वी नदीच्या एका उतारावर झाली. आम्ही नवखे होतो आणि एका हापशीवर बाटल्या भरून घेतल्या होत्या. कापडाचं दुकान चालवणारा आमचा शेखर पाणंदीच्या कडेला बसून ओकत होता. काका समोरून आले, उतरले, त्याच्या बाटलीतलं पाणी हातावर घेऊन बोटानं चोळलं आणि ओतून दिलं. "तानेवर मीठ पेलं, भाऊ तुमी. चाला, मी दाखवतो." तेव्हापासून ते पुढे आणि आम्ही मागे. या तीन वर्षांत, एवढ्या गावांतून आणि एवढ्या उन्हातून, आमच्यापैकी एकही जण पाण्यानं आजारी पडला नाही. कुणाच्या भरवशावर आपण पितो हे आम्ही विसरूनही गेलो होतो.

या जानेवारीत लासूरला जायचं ठरलं. तिथलं काळ्या दगडाचं जुनं देऊळ बघायचं, आणि डांबरी रस्ता सोडून नदीकाठच्या पाणंदींनीच जायचं. आदल्या रात्री अवकाळी सर येऊन गेली होती. अमरावतीत ती रस्ता ओला करण्यापुरती होती, खोऱ्यात मात्र तिनं काळी माती भिजवली होती.

भिजलेल्या काळ्या मातीत सायकल चालत नाही. टायर फिरतं तसतसं ते जाड होत जातं, माती फोर्कमध्ये भरते आणि चाक थांबतं. काडीनं खरवडायचं, दहा पावलं ढकलायचं, पुन्हा खरवडायचं. आम्ही सायकली खांद्यावर घेतल्या तर चपलाबुटांची तीच गत झाली. दोन्हीकडे हरभरा फुलावर होता, तुरीच्या पेंढ्या बांधून ठेवल्या होत्या आणि वर ऊन स्वच्छ पडलं होतं. पाच किलोमीटरला तीन तास लागले. पाणी त्याआधीच संपलं. शेखरच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले आणि तो बोलेनासा झाला.

ठरलेला रस्ता सोडून आम्ही जवळ दिसलेल्या गावात शिरलो. पहिल्याच घराच्या ओट्यावर ऐंशीच्या घरातली एक बाई सुपात तूर पाखडत होती. तिनं आमचे मातीनं माखलेले अवतार पाहिले, मग काकांकडे नीट पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

"अबे, हा तं बाटलीवाला!"

"व्हय माय. पार्बताबाई न तुमी?"

"मेला असशीन मनून बसली होती मी. किती वर्सं झाले!"

"रिटायर झालो, माय. पाणी पायजे. पोट्टे तानेनं मरून राह्यले."

नळाला सहा दिवस पाणी आलं नव्हतं. पार्बताबाईंनी आत जाऊन दोन तांबे आणले. एक हापशीचा, एक शाळेमागच्या विहिरीचा. विहीर मागच्या उन्हाळ्यात खोल केली होती. अर्धं गाव म्हणत होतं की खाली गोड झरा लागला, अर्धं म्हणत होतं की उलट मीठच वर आलं.

"तू सांग बाप्पा," त्या म्हणाल्या. "आमी जनमभर खारं पेलो. आमची जीभ मिठाचीच झाली, तिले काय समजते? माह्या नातसुनेले आठवा लागला. तिनं कोनतं प्याव? तू मनशीन ते आमी पेऊ."

शेखरनं हात पुढे केला होता. शेजारच्या ओट्यावरच्या दोन बायाही उठून आल्या. काकांनी विहिरीच्या तांब्यातला घोट घेतला आणि नेहमीसारखे डोळे मिटले. मग हापशीचा घेतला. मग पुन्हा विहिरीचा. आम्ही वाट पाहत होतो. इतका वेळ त्यांना कधी लागत नसे.

त्यांनी डोळे उघडले आणि तांबा ओट्यावर ठेवला.

"माय, मले समजत नाही."

"काय समजत नाही?"

"चव. कोरोना झाला तवापासून. चार वर्सं होऊन गेले. मीठ का साखर, मले एकच लागते."

मग वर्षाली म्हणाली, "काका, मग आम्हाला तीन वर्षं..." वर्षाली फिजिओथेरपिस्ट आहे, आमच्यात सगळ्यात लहान आणि सगळ्यात वेगानं चालवणारी.

"ध्यानात होत्या सगळ्या विहिरी," काका म्हणाले. "जिथं शक वाटे तिथं बाया कपडे धूत त्या पायत जाओ. फेस कसा येते ते. तोंडात घेनं तुमच्यासाठी. नाही घेतलं तं तुमी मनाल, बुढ्याचं काम संपलं." त्यांनी आमच्याकडे न बघता पार्बताबाईंकडे पाहिलं. "पन ही विहीर मी गेल्यावर खोल झाली. इची मले काहीच मालूमात नाही. अन माह्या बोलन्यावर ते पोरगी पेईन."

पार्बताबाईंनी दोन्ही तांबे आपल्याकडे ओढले. मग आतल्या दिशेला ओरडल्या, "सीमा! साबनाची वडी आन वं." आणि काकांना म्हणाल्या, "जीभ गेली तं गेली. डोये हायेत न? रडून काय राह्यला?"

"रडून नाही राह्यलो, माय."

"मंग लाग कामाले."

ती नातसून सीमा साबण घेऊन आली. काकांनी दोन्ही पाण्यांत साबण चोळला. हापशीच्या पाण्यात तो फाटलेल्या दुधासारखा झाला, वर पांढरी साय तरंगली. विहिरीच्या पाण्यात फेस आला, आणि तो टिकला. "डाय शिजवली का ह्या पाण्यानं?" त्यांनी सीमाला विचारलं. तिनं एकदा शिजवली होती. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, ही शिजली होती, पण तिनं त्याचं श्रेय सासूच्या चुलीला दिलं होतं. त्यावर शेजारच्या बायांनी मनसोक्त हसून घेतलं.

मग काकांनी वर्षालीला हाक मारली.

"पोरी, इकडे ये. गियू नको लगेच. पयले जिभेच्या टोकावर धर. काय मनते?"

"काहीच नाही."

"बरोबर. आता बाजूले ने. आता मांगं. आता गीय. अन थांब. घशात काय राह्यलं?"

वर्षाली बराच वेळ थांबली. शेखर कण्हत म्हणाला, "अगं, लवकर सांग, मी चाललो वर."

"काही नाही राहिलं," ती म्हणाली. "थंड आहे. अन थोडं... मातीसारखं."

"ते नव्या खोदकामाचं. जाते ते." काकांनी खिशातून क्लोरीनची बाटली काढून मोजून थेंब टाकले आणि अर्धा तास थांबायला लावलं. तेवढ्या वेळात शेखरनं त्यांना वऱ्हाडीतल्या सगळ्या शिव्या ऐकवल्या आणि शेवटी दोन तांबे रिकामे करून त्यांच्या पायांना हात लावला. "कायले भाऊ, कायले," म्हणत काका मागे सरले.

निघताना त्यांनी पार्बताबाईंना बजावलं, "आज मी फेसावर सांगून राह्यलो. कागद येईस्तोवर पोरीले उकयूनच द्या." मग ते वर्षालीला विहिरीवर घेऊन गेले. त्यांच्या पिशवीत अजून एक जंतुरहित बाटली होती, चिठ्ठीसकट. निवृत्तीनंतरही ती ते का बाळगत होते हे कुणी विचारलं नाही. सुतळी तिच्या हातात देऊन ते काठापासून दोन पावलं मागे उभे राहिले. "भिंतीले लागू देऊ नको. सरय जाऊ दे." बाटली खाली गेली, बुडबुडे आले आणि ती भरून वर आली. सोमवारी वर्षालीनं ती प्रयोगशाळेत दिली. कागद आला तेव्हा तो गावाला वाचून दाखवायला ती आणि काका दोघंच सायकलवर गेले. पाणी पिण्यायोग्य होतं. पार्बताबाई म्हणाल्या, "कागद कायले? आमाले तं तवाच समजलं होतं."

पण हे नंतरचं. त्या दिवशी लासूरच्या अलीकडे एका शेतातल्या विहिरीवर आम्ही पुन्हा थांबलो. देवळाचा काळा दगड समोर उन्हात दिसत होता. वर्षालीनं ओंजळ भरली, घोट घेतला आणि आत्मविश्वासानं म्हणाली, "गोड!"

काका सायकलला टेकून उभे होते. डोळे मिटलेले.

"थांब," ते म्हणाले. "गियल्यावर?"

ती थांबली. तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"घशात... कडवट राहिलं, काका."

"मंग पयल्या घोटाले काहून फसली?" असं म्हणून ते हसले, आणि आम्ही सगळ्यांनी बाटल्या परत पिशवीत टाकल्या.