मैदानातली चांगली बोअर

उत्तम शहरात, इंद्रलोक वसाहतीत फ्लॅट घेऊन राहिला, तरी गावातून त्याचा पाय काही निघाला नाही. निघणार कसा? खाडीकाठचं वीज केंद्र बंद पडलं, सगळे घरी बसले, पण ठेकेदाराने उत्तमला ठेवून घेतलं. कोळशाच्या राखेचा तलाव आता प्लास्टिक अंथरून, वर माती टाकून झाकला होता. त्याच्या आसपासच्या बोअरचं पाणी बाटल्यांत भरून तपासायला पाठवायचं, हे त्याचं काम.

यात एक बोअर मुद्दाम तलावापासून लांब, चढावर मारतात. तिथे राख पोचलेलीच नसते, म्हणून बाकीचं पाणी तिच्या पाण्याशी ताडून बघायचं. साहेबांनी जागा विचारली तेव्हा उत्तमनेच गावाच्या वरच्या अंगाचं कबड्डीचं मैदान दाखवलं.

गावच्या पाण्यात आर्सेनिक निघालं. विषच ते. पण मैदानातल्या बोअरमध्येही तेवढंच निघालं. म्हणजे हे मुळात मातीतलंच, राखेचं नाही, असं ठरलं आणि विषय मिटला.

गावात त्याची वहिनी, मंदा. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला. नळाचं पाणी नावापुरतं, म्हणून सगळं घर विहिरीवर. "भावजी, पानी पिवाचा ना?" तिने विचारलं.

"बिनधास्त पी, वहिनी. आपले बापजादे हेच प्यायले."

मोठा आला सांगणारा!

पुढे मंदाच्या तळहातांवर काळपट, टणक फोड उठले. मासळी साफ करून आलेत, म्हणत तिने हसण्यावारी नेलं. मग नातीच्या, रसिकाच्या हातांवरही तेच. ती शाळकरी पोर कुठली मासळी साफ करतेय? डॉक्टरांनी आधी पाण्याचंच विचारलं.

उत्तमला पटेना. मैदानातही तेवढंच आहे ना! त्याच आठवड्यात तो बोअरवर गेला, तर शेजारी दिव्याच्या खांबासाठी खड्डा खणलेला. वर वीतभर माती आणि खाली कंबरभर राख. करडी, ओली.

तेव्हा कुठे त्याला आठवलं. मैदान खोलगट होतं, पावसात नुसतं तळं व्हायचं. गावच्या पोरांनी केंद्रातून फुकटची राख डंपर भरभरून आणली आणि भराव घातला. राखेवर पडलं तर गुडघे फुटत नाहीत, म्हणून सगळे खूश. त्यात उत्तम सगळ्यात पुढे. त्याच राखेवर वर्षानुवर्षं चढाया मारल्या आणि गड्याच्या डोक्यातून ते साफ गेलं. राखेचं पाणी राखेच्याच पाण्याशी ताडलं, मग फरक निघणार कुठून?

तो तसाच घरी गेला. मंदा रसिकाच्या तळहातांना खोबरेल चोळत होती. त्याने सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. विहीर आजपासून बंद, म्हणाला, टँकरचं मी बघतो.

मंदाने तेलाची वाटी बाजूला ठेवली.

"हिची आय हिच्यासाटी बाटलीचं पानी आनायची," ती म्हणाली. "मीच भांडली तिच्याशी. बोलली, आमचं भावजी पानी तपासतान, तुला त्यांच्यापेक्षा जास्ती कलतं का?"