माझे सात मार्क

किस्से काही ठरवून जमवावे लागत नाहीत. लग्नात आलेल्या स्टीलच्या डब्यांसारखे ते घरात साठत जातात, आणि कुठला कुणी दिला हे नंतर आठवतही नाही. आमच्या ऑफिसात तर कामच माणसांना प्रश्न विचारायचं, त्यामुळे डब्यांना तोटा नाही.

काम काय, ते आधी सांगतो. दारूचा त्रास कुणाला होतोय हे दहा प्रश्नांत ओळखायचा एक फॉर्म आहे. बाहेरच्या देशात तयार झालेला. तो आमच्या हैदराबादच्या माणसाला लागू पडतो का, हे आम्ही तपासत होतो. माणूस फॉर्म भरतो. मग पद्मजा मॅडम, म्हणजे आमच्या प्रोजेक्टच्या मानसोपचारतज्ज्ञ, तो फॉर्म न बघता त्याच्याशी तासभर बोलतात. मग घरच्या कुणालातरी तेच प्रश्न वेगळे विचारायचे. तिन्हींचा मेळ बसला तर फॉर्म खरा. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार मार्क, आणि बेरीज आठ किंवा वर गेली की माणूस अडचणीत आहे असं धरायचं.

मराठी फॉर्म माझ्याकडे, कारण आम्हा बोधनकरांच्या चार पिढ्या इथेच गेल्या आणि बरकतपुऱ्यातली निम्मी मराठी घरं मला ओळखतात. दख्खनी फॉर्म यूसुफभाईंकडे. यूसुफभाईंनी जन्मात थेंबाला हात लावलेला नाही. आकडेमोडीला पुण्याहून आलेली केतकी. मॅडम तेलुगू, पण शिकल्या नांदेडला, त्यामुळे मराठीत ऐकवतात ते नीट लागतं.

आता मॅडमचा नियम. लोकांना विचारण्याआधी टीममधल्या प्रत्येकाने स्वतः फॉर्म भरायचा. घरच्या माणसाकडूनही भरून आणायचा, तो मागाहून दिला तरी चालेल. कुणाचे आठ आले तर त्याने मॅडमसमोर बसायचं, आणि त्या हो म्हणेपर्यंत फिल्डवर पाऊल ठेवायचं नाही.

लपवत बसत नाही. मी पितो. आणि मला आठ यायला नको होते.

*

फॉर्मचं मराठी भाषांतर मीच केलेलं. कुठल्या उत्तराला किती मार्क, तोंडपाठ. पेपर काढणाऱ्यानेच पेपर लिहायला बसावं तसा बसलो.

शून्य लिहिलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. तीन-चार लिहिले असते तर प्रोजेक्टच्या डिनरला मला पाहिलेली माणसं हसली असती. म्हणून सात. सात म्हणजे प्रामाणिक माणसाचा आकडा. किती वेळा पिता, किती पिता, एका बैठकीत जास्त होते का, या तीन निरुपद्रवी प्रश्नांत सातही मार्क बसवले. पुढच्या सात प्रश्नांना ओळीने शून्य.

मॅडमनी कागद पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "अक्षर छान आहे तुमचं."

घरच्या फॉर्मचं मी लांबणीवर टाकलं. बायको माहेरी गेलीय. बायकोला ताप आहे. बायकोचा चष्मा फुटलाय. मीराला इतकी दुखणी लग्नानंतर कधी झाली नव्हती.

*

पहिला आठवडा फॉर्म फारच सज्जन निघाला. गौलीगुड्यातल्या एका लाकूडवाल्याला विचारलं, "दारू पिता?"

"छे हो. आमच्यात कुणीच घेत नाही."

सगळीकडे शून्य. मॅडमच्या खोलीतून तो तासाभराने बाहेर आला आणि मॅडमनी मला आत बोलावलं. तो रोज संध्याकाळी चार बाटल्या कल्लू, म्हणजे ताडी, प्यायचा.

मी धावत बाहेर गेलो. "अहो, मला तर नाही म्हणालात?"

"तुम्ही दारूचं विचारलं," तो म्हणाला. "ताडी झाडाची असते."

बरं, हा एकटाच असता तर गोष्ट वेगळी. दुसऱ्या दिवशी हायटेक सिटीतला एक कोट घातलेला मुलगा म्हणाला, "दारू? नो नो. ओन्ली बिअर." तिसऱ्याने वाईन हृदयाला चांगली असते म्हणून औषधात धरली. शेवटी कशाकशाला दारू म्हणायचं याची आम्ही फॉर्मच्या वर यादीच छापली. पुन्हा बोलावलेला लाकूडवाला यादी वाचून गंभीर झाला आणि म्हणाला, "मग पितो की हो मी."

यादी करताना मी सगळ्यात पुढे होतो. एकही नाव सुटलं नाही. केतकी टाइप करता करता थांबली. "सर, यातली अर्धी मी ऐकलीसुद्धा नव्हती."

"अभ्यास करावा लागतो," मी म्हणालो.

*

मग आला ग्लासचा प्रश्न. लोक "एक ग्लास" म्हणतात, पण कुठला ग्लास? मी आणि यूसुफभाई बेगम बाजारात गेलो आणि कटिंगपासून लस्सीच्या ग्लासापर्यंत एकेक नमुना घेऊन आलो. ऑफिसात सगळ्यांत पाणी ओतून मोजलं, खाली चिठ्ठ्या चिकटवल्या. आता माणसाने बोट दाखवायचं, आपण मार्क द्यायचे. मॅडम खूश झाल्या. एवढा बारकावा कुणी करत नाही म्हणाल्या.

माझा घरचा ग्लास त्यात नव्हता. यूसुफभाईंनी एक तसा उचलला होता, तेव्हा मीच म्हणालो, "एवढ्या मोठ्यात कोण पितं? ठेवा तो."

*

"सकाळी उठल्यावर आधी घ्यावी लागते का?" या प्रश्नाला हो आलं की आम्ही कान टवकारायचो. लक्षण वाईट.

एका वॉचमनला मी या एकाच प्रश्नाला चार मार्क दिले. रोज सकाळी सात वाजता पितो म्हणाला. मी मॅडमना फोन करून सांगितलं की केस हातची जाईल, आजच बघा. त्याला मी माझ्या स्कूटरवर बसवून आणला. वाटेत उपदेशही केला. म्हटलं, सकाळची घेणं म्हणजे शेवट जवळ आला समजा. बिचारा मागे घट्ट धरून बसला होता.

मॅडमनी दहा मिनिटांत परत पाठवला. रात्रपाळी संपवून सातला घरी येतो, एक घेतो, जेवतो, झोपतो. त्याची ती संध्याकाळ.

"तुम्ही त्याला ड्यूटी कधीची ते विचारलं नाही?" मॅडम म्हणाल्या.

नव्हतं विचारलं. स्वतः सकाळी घेत नाही या एका गोष्टीचा मला इतका अभिमान होता की सकाळी घेणारा दिसला की माझं भानच जायचं. त्याला परत सोडायलाही मीच गेलो. गाडीवरून उतरताना त्याने विचारलं, "साहेब, तुम्ही कधी घेता?"

*

तिसऱ्या महिन्यात केतकीने एक तक्ता काढला. फॉर्म कुणी भरून घेतला, त्याप्रमाणे मार्क.

यूसुफभाईंची माणसं सगळी वर. कारण कळायला वेळ लागला नाही. "पिण्याबद्दल कधी अपराधी वाटलं का?" हा प्रश्न यूसुफभाई अशा आवाजात विचारायचे की न पिणाऱ्यालाही अपराधी वाटावं. दोघं-तिघं तर त्यांच्यापुढे रडले होते.

माझी माणसं सगळी खाली. एकजात निरोगी.

मॅडमनी मला केतकीसमोर एक फॉर्म विचारून दाखवायला लावला. केतकी फॉर्म भरणारा माणूस झाली. मी विचारलं, "प्यायल्यामुळे एखादं काम राहून गेलंय का? म्हणजे एखाद्‌वेळी होतं हो सगळ्यांचंच, तसं नव्हे. मोठं काही?"

"नाही," केतकी म्हणाली.

"बघा, नाहीच," मी म्हणालो आणि शून्य लिहिलं.

यूसुफभाईंनी मान हलवली. "क्या साब, आप तो सबको पास करा दे रैं."

मॅडम हसल्या नाहीत. "बोधनकर, तुमच्यासमोर बसलं की माणूस बरा होतो," म्हणाल्या. "तुम्ही कुणासमोर बसता?"

मी चहा सांगायला बाहेर गेलो. चहा आधीच आलेला होता.

*

फॉर्म पक्का आहे का हे बघायला तोच माणूस पंधरा दिवसांनी पुन्हा तोच फॉर्म भरतो. थोडा फरक पडतोच. तेव्हा दोनदा घेतो म्हणालेला आज तीनदा म्हणतो. आम्हालाही पुन्हा भरायला लावलं. मी भरला. पुन्हा सात, आणि तेही त्याच तीन प्रश्नांत.

केतकीने दोन्ही कागद शेजारी ठेवले. "सर, संपूर्ण प्रोजेक्टमध्ये इतकं जुळलेलं कुणाचंच नाही."

"मी एकवचनी माणूस आहे."

"नाही सर," ती फार मऊपणाने म्हणाली. "माणूस असा नसतो."

तिच्या वयाच्या पोरीने असं म्हणावं याचा मला रागच आला. दिवसभर तिच्याशी बोललो नाही. फॉर्ममध्ये चिडचिडीवर प्रश्न नाही हे बरं आहे.

*

एका किश्श्याला आम्ही कधी हसलो नाही, पण तो सांगायला हवा.

एक रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. घर स्वच्छ, भिंतीवर त्यांनीच काढलेली चित्रं. मी दहावा प्रश्न विचारला, "घरच्या कुणी तुमच्या पिण्याबद्दल काळजी बोलून दाखवली का?"

"नाही."

"कधीच नाही?"

"पूर्वी बायको म्हणायची. मुलगाही म्हणायचा. आता कुणी नाही म्हणत."

म्हटलं, चला, सुधारणा आहे. शून्य. कामं राहिली का? काम कुठलं, रिटायर्ड. शून्य. कुणाला इजा? शून्य. बेरीज सहा. मी त्यांना छान म्हणून हात मिळवला.

मॅडमनी त्यांना त्याच दिवशी दवाखान्यात ॲडमिट करून घेतलं. काळजी बोलून दाखवायला घरात कुणी उरलंच नव्हतं. मुलगा आधी घर सोडून गेला, मग आईलाही घेऊन गेला. एकेक माणूस घरातून जात होतं आणि मास्तरांचे मार्क कमी होत होते.

मीटिंगमध्ये फॉर्मचं काय चुकलं यावर बराच वेळ चर्चा झाली. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. मी मास्तरांना छान म्हणालो होतो. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर भीती वाटली. माझ्या घरी अजून बोलून दाखवणारं माणूस आहे, हे मला त्या मीटिंगमध्ये पहिल्यांदा सुचलं.

*

त्या संध्याकाळी मी मीराला फॉर्म दिला. पाकीटही दिलं. म्हटलं, एकटीने भर, चिकटव, मी बघणार नाही. खरं असेल ते लिही.

इथे गप्प बसायला पाहिजे होतं. पण जिभेला हाड नाही. "फक्त एवढं लक्षात ठेव, आठ आले तर माझं फिल्ड बंद होईल," म्हणालो.

"मार्क कसे धरतात?" तिने विचारलं.

"त्या निळ्या पुस्तकात आहे, टेबलावर. पण तू ते बघू नकोस."

मीरा बरं म्हणाली. तासाभराने तिने पाकीट आणून दिलं. पेन्सिल कानावर होती, आणि साडीच्या निऱ्यांवर खोडरबरचा चुरा पडला होता. मी बघितलं, पण मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी पाकीट फोडलं आणि केतकीला दिलं. केतकीने बेरीज केली. पुन्हा केली.

"सात," ती म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला. यूसुफभाई म्हणाले, "माशाल्ला, मियाँबीवी एक जुबान."

"सात आहेत," केतकी म्हणाली, "पण एकही प्रश्न जुळत नाही."

तिने कागद माझ्यापुढे सरकवला. किती वेळा पितात? कधीच नाही, शून्य. किती पितात? शून्य. सगळीकडे शून्य, आणि सगळीकडे खोडलेलं. फक्त दोन ठिकाणी खोडलेलं नव्हतं. आदल्या दिवशी काय झालं ते यांना आठवत नाही का? तीन. घरच्या कुणाला काळजी वाटते का? चार.

मीराच्या म्हणण्याप्रमाणे मी कधीच पीत नव्हतो, पण मला कालचं आठवत नव्हतं.

मॅडमनी डायरी उघडली. "बोधनकर, मंगळवारी अकरा वाजता. नाश्ता करून या, वेळ लागेल."

घरी आलो. मीरा भाजी निवडत होती. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. "तुझे सात कसे आले?"

"तुमचे आले तसेच," ती म्हणाली. वर बघितलं नाही. "आधी एकवीस आले होते. मग एकेक खोडत आणले खाली. ते दोन मात्र खोडवेनात."