कच्च्या रेषा

"मॅडम, लाईट जाणार नाही ना?" खुर्चीत बसायच्या आधीच सर विचारत. मग बोटानं हवेत एक वर्तुळ काढत आणि कीबोर्डला हात लावत. जळगावची लाईट जणू माझ्याच हातात! मीही रोज सांगायची, "नाही जात हो, बसा तुम्ही."

ते भडगावच्या शाळेत चित्रकला शिकवत. तिथली त्यांची जागा जादा ठरली होती. आमच्या क्लासची कॉम्प्युटरची परीक्षा पास झाले तर शाळा नव्या विषयासाठी ठेवून घेणार, नाहीतर बदली पार साक्रीकडे. घरी आई अंथरुणाला खिळलेली. "तिला कोण उचलेल, मॅडम?" असं म्हणत ते एकेक ओळ लिहीत आणि दोनदा सेव्ह करत. त्यांची धास्ती हळूहळू मलाही लागली.

आम्ही प्रोग्राममध्ये आकारांचे 'क्लास', म्हणजे साचे, लिहायला लावायचो. आधी 'आकृती' नावाचा मूळ क्लास, मग त्याच्या आधारानं वर्तुळ, चौकोन, त्रिकोण. प्रत्येक आकारानं आपापलं क्षेत्रफळ काढायचं. हे उमगलं त्या दिवशी सर केवढे खूश! "अहो, म्हणजे आमच्या कच्च्या रेषाच की!" त्यांनी फळ्यावर फिकट चौकट आखली, आत वर्तुळ बसवलं आणि चौकट पुसून टाकली. काय वर्तुळ होतं ते! मी म्हटलं, "अगदी तसंच, सर."

परीक्षेला नेमका हाच प्रश्न आला. सरांचा प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालला, तिन्ही उत्तरं बरोबर. बाहेरचे परीक्षक शेजारच्या मशीनपर्यंत आले होते. माझा जीव भांड्यात पडतोय, तोच सरांचा हात पुन्हा कीबोर्डवर गेला. चित्र दाखवायच्या आधी कच्च्या रेषा पुसायच्या, हे आयुष्यभर मुलांना सांगितलेलं. त्यांनी 'आकृती' पुसली. आणि सेव्ह केलं, दोनदा.

परीक्षक म्हणाले, "चालवा." स्क्रीनभर चुका!

"बठ्ठं पुसाई गय वो मॅडम! आते कसं व्हई?" एरवी माझ्याशी शुद्ध बोलणारे सर अहिराणीवर आले होते; सगळंच पुसलं गेलं म्हणत घामाघूम होऊन माझ्याकडे बघत होते. मला बोलायची बंदी. ते पुन्हा लिहू लागले, पण वेळ संपली.

साक्रीला जाण्याआधी ते क्लासवर येऊन गेले. चपला बाहेर काढल्या. लाईटचं काही विचारलं नाही. खडू घेऊन फिकट चौकट आखली, आत वर्तुळ काढलं. मी सवयीनं डस्टर पुढे केलं.

"राहू द्या, मॅडम," ते म्हणाले. "आता नाही पुसत."

पुढे नवी बॅच आली. मी कितीतरी दिवस फळ्याच्या उरलेल्या अर्ध्या भागावरच शिकवत होते.