दादाची फळी आणि माझं शेततळं

वैशालीचा फोन आला तेव्हा माझ्या हातात टँकरचा पाइप होता. फुलंब्रीच्या आमच्या मोसंबीच्या बागेत, शेततळ्याच्या काठावर मी उभा होतो. पाइप सोडला असता तर पाणी बांधावर वाया गेलं असतं, म्हणून मी फोन वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला, तेव्हाही वाजू दिला. टँकर रिकामा झाला, ड्रायव्हर निघून गेला, मग हात पुसून मी तिला फोन लावला. ती म्हणाली, "काका, पप्पा गेले." कधी, असं विचारलं तर तिनं सांगितलेली वेळ बरोबर माझ्या हातात पाइप होता तेव्हाची... या गोष्टीला आता दीड महिना झाला. फोन उचलला असता तरी दादा काही थांबला नसता, असं मी स्वतःला रोज समजावतो. समजूत पटते आणि तासाभरात पुन्हा सुटते.

दिनकर, माझा थोरला भाऊ. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मी शहरातल्या एका शाळेत गणित शिकवत आलो, पुंडलिकनगरात राहतो आणि सुट्टीच्या दिवशी बाग बघायला गावी जातो. दादानं शेतीकडे पाठ फिरवली ती कायमचीच. चिकलठाण्याच्या जुन्या औद्योगिक वसाहतीत त्याची फायबरची शेड होती. काचेच्या धाग्यांची चटई साच्यावर अंथरायची, वरून रेझीन, म्हणजे वाळून घट्ट होणारं चिकट रसायन ओतायचं, रोलर फिरवून दाबायचं, थरावर थर चढवायचे. कूलरची खोकी केली, बसची बाकडी केली, पण पोट भरलं ते पाण्याच्या टाक्यांनी. आमच्या शहराला नळाचं पाणी आठ-आठ दिवसांनी येतं. शहर जसजसं फुलंब्रीच्या दिशेनं आणि जालना रस्त्यानं पसरत गेलं तसतशा टाक्या वाढत गेल्या. रोज पाणी येणाऱ्या गावात टाकीवाला उपाशी मरेल, असं तो हसत म्हणायचा. त्याच्या टाकीचा लौकिक असा की पायाखालची गच्ची गळेल, पण दादाची टाकी गळायची नाही.

असा हा टाकीवाला एकदा कोकणात एका रिसॉर्टची टाकी दुरुस्त करायला गेला आणि तिथं बिघडला. किनाऱ्याशी काही पाहुणे लांबलचक फळीवर उभे राहून एका वल्ह्यानं पाणी मागं सारत चालले होते. पॅडलबोर्ड म्हणतात त्याला. बसायचं नाही, झोपायचं नाही, उभं राहून वल्हवायचं. रिसॉर्टवाल्याची एक परदेशी फळी तडकून पडली होती, ती दादानं दुरुस्त करून दिली आणि बदल्यात तासभर चालवायला मागितली. तो तास बहुतेक पडण्यातच गेला असणार. घरी आला तो नाकाची साल निघालेली आणि डोळ्यांत वेगळंच काही. "सुभ्या, माणूस पाण्यावर उभा राहतो रे," तो मला म्हणाला. "आपल्याकडं पाणी म्हणलं की माणूस वाकलेलाच. हंड्याला वाकलेला, नळाला वाकलेला. तिथं सरळ उभा हाय!" आम्ही सगळे हसलो. वहिनी म्हणाली, आधी घरातल्या नळाला पाणी आणा, मग उभे राहा. मीही दोन-चार टोमणे मारले. समुद्र इथून किती लांब, याचा हिशोब मी त्याला फळ्यावर मांडून दाखवला असता.

पण हौसेला मोल नसतं. मापं त्यानं जुन्या वर्तमानपत्रावर काढून आणलेली होती. आत थर्मोकोलचा गाभा आणि वर फायबरचं कवच, इतकं त्याला तडकलेल्या फळीवरून कळलं होतं. त्यानं थर्मोकोल घासून सुरेख आकार दिला आणि वर आपलं नेहमीचं, टाक्यांचं रेझीन ओतलं. बघता बघता थर्मोकोल बर्फासारखा विरघळला, मधोमध हे एवढं भगदाड. ते रेझीन थर्मोकोल खातं, हे टाकीवाल्याला कुठून माहीत असणार? त्याच्या टाकीत गाभाच नसतो. मग त्यानं टाकीसारखीच पोकळ फळी केली आणि मोडू नये म्हणून टाकीसारखेच चार थर चढवले. ती आमच्या शेततळ्यात सोडली. तेव्हा पाऊस बरा होता, तळं काठोकाठ असायचं. वैशाली, त्याची एकुलती एक लेक, तेव्हा शाळेत होती. दादा तीनदा पडला आणि ती पहिल्याच दिवशी उभी राहिली. बांधावर गाव जमलं होतं. एक म्हातारा म्हणाला, "पोरगी लई शांत उभी हाय, बगळ्यावानी." त्या दिवसापासून दादाच्या डोक्यात एकच गोष्ट बसली... वैशालीनं मोठी शर्यत मारायची आणि ती चिकलठाण्यात बनलेल्या फळीवर मारायची.

हा खेळ आपल्याकडे कसा चालतो हे मला तेव्हापासून ऐकून ऐकून पाठ झालं. खेळ समुद्रकिनाऱ्याचा. शर्यती किनाऱ्यावर, शिकवणारे किनाऱ्यावर, चांगल्या फळ्या परदेशातून येणाऱ्या. बाकी ठिकाणी तो खेळ नाहीच, करमणूक आहे: लाइफ जॅकेट घालायचं, चार पावलं वल्हवायचं, फोटो काढायचा आणि नाश्त्याला जायचं. दादानं तळ्याकाठच्या रिसॉर्टवाल्यांना काही फळ्या विकल्या. मग हवा भरायच्या फळ्या आल्या. घडी करून पिशवीत घालायच्या, गाडीच्या डिकीत टाकायच्या. दादाची कडक फळी न्यायला टेम्पो लागायचा. गिऱ्हाईक फोनवर दोन मिनिटं बोलायचं आणि विचारायचं, घडी होते का हो? नाय होत, असं सांगून तो फोन ठेवायचा आणि मला म्हणायचा, शर्यत पळणारा घडीच्या फळीवर पळत नसतो. त्याचं बरोबर होतं, पण आपल्या भागात शर्यत पळणारी एकटी वैशालीच होती. सरावासाठी जवळच्या धरणात उतरायची परवानगी मागितली तर नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. परवानगीचं जमत आलं त्या साली धरणात गाळ उघडा पडला होता. पुढच्या साली पाऊस आणखी कमी. वैशाली मग शेडच्या पत्र्याखाली ट्रकच्या ट्यूबवर फळी ठेवून उभी राहायची आणि वल्ह्याला बांधलेलं रबर ओढत सराव करायची. गुडघे फुटायचे, पण ती हूं की चूं करायची नाही.

अशा सरावावर ती किनाऱ्यावरच्या मोठ्या शर्यतीला गेली. दादानं मला आग्रहानं सोबत नेलं. टेम्पोतून फळी उतरवायला आम्ही दोघं लागलो आणि तिथंच आमचे चेहरे उतरले, कारण आजूबाजूला मुली आपापल्या फळ्या एका बगलेत मारून पाण्याकडे चालल्या होत्या. शर्यतीत दोन फेऱ्यांच्या मध्ये फळी उचलून वाळूवरून पळायचं होतं, हे आम्हाला माहीतच नव्हतं. पाण्यात वैशाली वाईट नव्हती. लाटांचा सराव नसूनही तिनं तीन जणींना मागं टाकलं होतं. वाळूवर आली आणि तिला फळी उचलेना. दोन्ही हातांनी पुढचं टोक धरून ती फळी ओढायला लागली. वाळूत खोल चर पडत गेला. दादा दोरीच्या बाहेरून तिच्या बरोबरीनं चालत होता, हात पुढं करत होता आणि मागं घेत होता, कारण स्पर्धकाला हात लावायची मनाई होती. ती शेवटची आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आपण शेवटच्याला वाजवतो तशा. तिथल्या एका फळ्या बनवणाऱ्यानं दादाला बाजूला घेऊन सांगितलं की थर्मोकोलवर चालणारं रेझीन वेगळं असतं. इतकी वर्षं एवढ्या एका गोष्टीपायी ती पोर टाकी वल्हवत होती. परतीच्या वाटेवर घाटात दादानं मागं वळून फळीकडं बघितलं. मग म्हणाला, "पोरगी नाय हरली. माझी टाकी हरली."

त्यानंतर त्याला दुसरं काही सुचेना. ते रेझीन त्यानं मागवलं, साचे मोडले, पुन्हा घासले. दुष्काळाचं साल, टाक्यांना कधी नव्हे एवढी मागणी, गिऱ्हाईकं शेडच्या दारात उभी, आणि हा आत दार लावून फळीवर वाकलेला. दार का लावलं, तर वाऱ्यानं धूळ येऊन थरात बसते म्हणून; रेझीनचा उग्र वास आणि घासल्याची भुकटी मात्र आत कोंडायची. नाकाला नुसती दस्ती, साधा रुमाल बांधलेला, तो पण बोलताना खाली ओढायचा. खोकला त्याला आधीपासून होता. आता तो कोपऱ्यात जाऊन, भिंतीला धरून खोकायचा. आमचं भांडण झालं. मी म्हणालो, तुझ्या फुप्फुसाचं काय होतंय ते बघ, आणि आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? फळी चालवायला पाणी आहे का जिल्ह्यात? तो म्हणाला, पाणी येईल. तेव्हा फळी तयार पाहिजे. मला त्याचा मनस्वी राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला. मला आयुष्यात कशाचंच इतकं वेड लागलं नाही.

फाल्गुनात फळी तयार झाली. एका रविवारी तो मला न कळवता बागेत आला. तळ्यात मांडीभर पाणी उरलं होतं, तेही टँकरनं आणून टाकलेलं. आमच्या वडिलांनी लावलेली मोसंबी मी त्या पाण्यावर जगवत होतो. दादा काठावर बसला आणि धाप ओसरल्यावर म्हणाला, "पाव तास दे. वैशाली फक्त उभी राहील. पाण्यात कशी बसते तेवढं बघू दे." मी तळ्याकडे बघितलं. अशा तळ्यांना तळाला प्लॅस्टिकचा कागद असतो. फळीच्या बुडाला माशाच्या परासारखं पातं असतं. तळ्याच्या कडा उतरत्या, तिथं पाणी इतकं उथळ की पातं टेकणार, कागद फाटणार आणि उरलंसुरलं पाणी जमिनीत जाणार. मी हे सगळं त्याला नीट समजावून सांगितलं, वर्गात सांगतो तसं. शेवटी म्हणालो, "दादा, हे मोसंबीचं पाणी आहे. पाऊस पडू दे, मग महिनाभर तळं तुझंच." तो हात टेकून उठला. मग म्हणाला, "व्हय. बरोबर हाय तुझं." पुन्हा त्यानं ती गोष्ट काढली नाही. मला आजही वाटतं, त्यानं चार शिव्या द्यायला हव्या होत्या. थोरल्या भावाचा तेवढा हक्क असतो.

चैत्रात त्याला दवाखान्यात ठेवलं. नाकाला नळी, बोलायला दम नाही. मी रोज संध्याकाळी जायचो. तो फळीबद्दल बोलेल म्हणून मी उत्तरं तयार ठेवायचो, आणि तो विचारायचा, बाग कशी हाय? मी सांगायचो, तग धरून आहे. हे खोटं होतं. झाडं शेंड्याकडून वाळत चालली होती, मी घातलेलं पाणी उन्हापुढं पुरत नव्हतं. वैशाखातल्या शेवटच्या भेटीत तो म्हणाला, "बापानं लावलेली झाडं हायत. पाणी तोडू नको." एवढं बोलायला त्याला तीनदा थांबावं लागलं... दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्याकडे न जाता टँकर रिकामा करून घ्यायला गेलो, ते त्याच्याच शब्दाखातर. पुढचं सांगितलंच आहे.

तेराव्यानंतर बागेत गेलो तर एकाही झाडावर हिरवं पान नव्हतं. फांदी मोडून बघितली, आतून कोरडी. तळ्यात गुडघाभर पाणी होतं. ज्यांच्यासाठी राखलं ती झाडं गेली, ज्यानं मागितलं तो माणूस गेला, आणि पाणी आपलं तिथंच उन्हात चमकत होतं. मी तिथंच बसून हमसून रडलो. दादा गेला त्या दिवशी मी रडलो नव्हतो. मग वैशालीला फोन केला आणि म्हणालो, फळी घेऊन ये.

ती टेम्पोनं आली. फळी पाण्यावर ठेवली तशी ती एवढी वर राहिली की जणू तिला वजनच नव्हतं. वैशाली तिच्यावर चढली. कुठल्या कडेला झुकली नाही, डोलली नाही. वल्ह्याच्या दोन ओढींत ती या काठाची त्या काठाला गेली, कारण तळंच तेवढं उरलं होतं. ती वळली, पुन्हा आली. असं किती वेळ चाललं मी बघितलं नाही. खाली उतरून ती म्हणाली, "काका, हलकी झाली." मी दुसरं टोक धरायला पाण्यात उतरून पुढं झालो, पण तिनं फळी बगलेत मारली आणि न थांबता बांध चढून वर गेली. हात पुढं केलेला मी तसाच पाण्यात उभा राहिलो. तेव्हा मला पायाशी बुडबुडे दिसले. काठाजवळ वळताना पात्यानं कागद फाडला होता, मी सांगितलं होतं अगदी तसाच. दोन दिवसांत तळं कोरडं झालं. मी फट बुजवायला गेलो नाही.

पुढची शर्यत जवळ आली आहे. वैशाली जाईन म्हणत नाही आणि नाही असंही म्हणत नाही. सराव कुठं करायचा, याचं उत्तर कुणाकडेच नाही. आषाढ लागला, ढग येतात आणि तसेच पुढं जातात. शेड बंद आहे. फळी तिथं उन्हानं खराब होईल म्हणून मी पुंडलिकनगरच्या घरी आणली, पुढच्या खोलीत तिरकी उभी केली आहे. येणारा-जाणारा विचारतो, हे काय? फायबरचं काम पुरं झालं की दादा बोटाच्या पेरानं ते इंच इंच ठोकून बघायचा. आत कुठं हवा राहिली असली, थर नीट बसला नसला, तर त्या जागी आवाज पोकळ येतो. आता सकाळी चहा झाला की मी तेच करतो. खालच्या टोकापासून सुरू करतो, वरपर्यंत हात पोचत नाही म्हणून स्टुलावर चढतो. सगळीकडे एकच आवाज येतो. फळीत कुठंही दोष नाही, दादा. एवढं तुला तुझ्या डोळ्यांनी दिसायला हवं होतं, आणि ते दाखवणं फक्त माझ्या हातात होतं.